शिवतोष बागचींचा एकमेव हाउसफुल प्रयोग

शिवतोष बागचींनी आयुष्यात पाच सिनेमे काढले आणि त्यांतला एकही त्यांच्या सख्ख्या जावयाला शेवटपर्यंत जागं राहून बघता आला नव्हता. जावई म्हणजे आमचा शंतनू. मूळचा नागपूरचा, अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये नेटवर्किंगच्या नोकरीत. बायको केतकी कोलकात्याची. तिची आई गेली तेव्हा तिनं वडिलांना इकडे आणलं आणि २००४ साली टाउनहाउसच्या खालच्या खोलीत बंगाली समांतर सिनेमाचं एक विस्मृत पर्व राहायला आलं. रोज सकाळी ते पर्व तासभर बाथरूम अडवून बसायचं.

त्यांचे सिनेमे सगळे ब्लॅक अँड व्हाइट. बाई खिडकीशी बसते. नदीला पूर येतो, ओसरतो. नवरा उशिरा घरी येतो, ती उठून त्याला पाणी देते, सिनेमा संपतो. यांपैकी एकाला युरोपातल्या कुठल्याशा महोत्सवात बक्षीस मिळालं होतं. कोलकात्यात मात्र तो आठवडाभरात उतरला आणि त्याच थिएटरात पाठोपाठ लागलेल्या मारधाडीच्या हिंदी सिनेमानं रौप्यमहोत्सव केला. तिथून पुढे बागचींचं हिंदी सिनेमाशी वैर. शंतनूच्या डीव्हीडींच्या कपाटाकडे ते असे बघायचे, जणू तिथे उंदीर मेलाय.

इथल्या बंगाली मंडळींनी एका दुर्गापूजेत त्यांचा सत्कार केला. शाल दिली आणि भलत्याच दिग्दर्शकाच्या सिनेमाबद्दल त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. बागचींनी शाल घेतली, चूक सुधारली नाही. घरी आल्यावर केतकीला एवढंच म्हणाले, की ज्याचं कौतुक झालं तो सिनेमाही भिकार होता.

पुढच्या वर्षी गणपतीला आमच्या महाराष्ट्र मंडळाची पंचाईत झाली. पुण्याहून येणाऱ्या नाटकाच्या ग्रुपला व्हिसा मिळाला नाही. हायस्कूलचं ऑडिटोरियम बुक झालेलं, तिकिटं विकलेली, जेवणाची ऑर्डर गेलेली. मंडळाचा अध्यक्ष गिरीश याच्याकडे स्वतः लिहिलेला एक फार्स तयार होता. एक नवरा, दोन बायका, एक सॅन होजेला, एक सनीवेलला. नवऱ्याचं काम अर्थात गिरीश करणार होता. फक्त बसवणारं कोणी नव्हतं. शंतनूच्या तोंडून निघून गेलं, की आमचे सासरे डायरेक्टर आहेत. झालं. सिनेमाचे का असेनात, डायरेक्टर तो डायरेक्टर, असं कमिटीचं मत पडलं. बागचींना कोणी काही बसवायला सांगितल्याला पंचवीस वर्षं झाली होती. ते हो म्हणाले.

तालमी शंतनूच्या गॅरेजमध्ये, गाड्या बाहेर काढून. शंतनूनं पहिल्या दिवशी अख्खा फार्स इंग्रजीत समजावून सांगितला. बागचींनी तो डोळे मिटून ऐकला, एकदाही हसले नाहीत. मग इंग्रजीतच विचारलं, "हा माणूस खोटं बोलत असतो, तेव्हा पहिली बायको कुठे असते?"

गिरीश म्हणाला, विंगेत.

"तिला बाहेर आणा," बागची म्हणाले. "बाकीच्यांना विंगेत पाठवा."

असं करत करत दुसरी बायको गेली, घरमालक गेला, गिरीशचे सगळे विनोदी पंच गेले. त्याला अगदी शेवटी स्टेजवर येऊन "उशीर झाला" एवढंच म्हणायचं उरलं. त्यानं राजीनाम्याची धमकी दिली, पण स्मरणिकेत लेखक म्हणून त्याचं नाव छापून झालं होतं, म्हणून राहिला. पहिली बायको झाली होती अहिल्या. ती दोन वर्षांपूर्वी डिव्होर्स घेऊन अल्फारेटाहून इकडे आली होती, डेटाबेसची कामं करायची, मंडळात फारशी कोणात मिसळायची नाही. तिला एक खुर्ची, एक टेबल, मटारच्या शेंगांचं ताट आणि एक स्टीलचं पातेलं देण्यात आलं. शेंगा सोलत नवऱ्याची वाट बघायची. तो आला की त्याच्याकडे बघायचं, उठून पाणी द्यायचं, अंधार.

प्रयोगाला हॉल भरला. नाटकानंतर जेवण होतं आणि कॅफेटेरियाचं दार तोवर बंद होतं, त्यामुळे कोणी उठून जायचा प्रश्न नव्हता. पडदा वर गेला. अहिल्या मटार सोलायला लागली. लोकांनी आधी थोडी वाट पाहिली, मग एकमेकांकडे पाहिलं, मग कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आवाज येत नाहीये!"

साउंडवर राजीव होता. तालमींना तो एकदाही आलेला नव्हता. त्याला वाटलं, खरंच माइक बंद पडलाय. त्यानं टेबलाजवळचा माइक होता तितका वाढवला. त्यासरशी मटारचे दाणे पातेल्यात पडल्याचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमायला लागला. टण्ण. टण्ण. शेंग मोडल्याचासुद्धा आवाज. अहिल्या क्षणभर दचकली, पण थांबली नाही. आणि हॉल हळूहळू गप्प झाला. पॅसेजमध्ये पळणारी मुलंसुद्धा उभी राहिली. बागचींनी शंतनूचा हात घट्ट धरला. आयुष्यभर साउंडवाल्यांशी भांडलो तरी हे मिळालं नव्हतं, असं ते त्याच्या कानाशी म्हणाले.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून, सांगलीहून मुलीच्या बाळंतपणाला आलेल्या सुमित्राकाकू शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "अगं बाई, किती वाट बघशील त्या मेल्याची?"

हॉल खदखदून हसला. अहिल्यानं मान वर केली. काकूंकडे पाहिलं. मग पातेलं उचललं आणि सरळ विंगेत निघून गेली.

नवरा आला. समोर रिकामी खुर्ची. गिरीशनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि शेवटी खुर्चीलाच म्हणाला, "उशीर झाला." लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. गिरीशला वाटलं, त्याच्या अभिनयाला. अजूनही वाटतं.

बागची स्टेजवर गेले नाहीत. थेट पार्किंगमध्ये जाऊन गाडीपाशी उभे राहिले, जेवायलाही आले नाहीत. आपला शेवट बदलला म्हणून भयंकर चिडले होते. नंतर कित्येक दिवस ते कोणाशी बोलले नाहीत, पण एरवीही ते फारसे बोलत नसत, त्यामुळे घरात हे लक्षात यायला वेळ लागला. मग एका संध्याकाळी त्यांनी शंतनूला, त्यांच्या उच्चारात शॉन्तोनूला, सांगितलं की मला त्या मुलीकडे घेऊन चल.

अहिल्यानं दार उघडलं. बसाही म्हणू न देता बागचींनी विचारलं, "तू का उठलीस?"

"मटार संपले होते, काका."

बागचींचा चेहरा असा पडला की शंतनूला हसू दाबायला खिडकीकडे बघावं लागलं. अहिल्यानं चहा टाकला. कप पुढे ठेवताना ती म्हणाली, की तेवढंच खरं नाही. अल्फारेटाला असताना ती रोज अशीच बसायची. तो यायचा तेव्हा यायचा, ती उठून पाणी द्यायची. "त्या काकू बोलल्या आणि मला वाटलं, एकदा झालंय की हे करून. परत कशाला?"

बागचींनी चहा अर्धा संपवला.

"माझ्या पाचही सिनेमांत ती पाणी देते," ते म्हणाले. "समीक्षकांनी त्याला संयम म्हटलं होतं."

"तुम्ही काय म्हणायचात?"

"मला दुसरं काही सुचलंच नव्हतं."

अहिल्या मोठ्यानं हसली आणि मग म्हातारेबुवाही हसले. शंतनू म्हणतो, त्यांचे दात त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यानंतर बागची दर शनिवारी तिच्याकडे जायचे. तिला कॅमेऱ्यातलं सांगायचे, आणि ती त्यांना तुमचं हे बोअर आहे असं तोंडावर सांगायची. हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना आवडायचं नाही ते गुपचूप उठून घरी जात.

२००७ च्या थंडीत ते झोपेतच गेले. कोलकात्याच्या एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्यांत सिनेमांची संख्या चुकलेली. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत मात्र गिरीशनं फोटोसकट पूर्ण पान दिलं. त्यात सिनेमांचा उल्लेखच नव्हता. मथळा होता, 'ज्येष्ठ मराठी रंगकर्मी शिवतोष बागची यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

केतकीनं शंतनूकडून ते वाचून घेतलं. त्यानं विचारलं, गिरीशला फोन करून दुरुस्ती छापायला सांगू का?  ती म्हणाली, राहू दे, बाबांना मराठी येत नव्हतं हे मराठी लोकांना कळलं नसेल, तर बाबांनी काम चांगलं केलं असणार.