आई मोठ्याने लिहायची

त्या दिवशी दुपारी लेक आईकडे गेली ती नेहमीच्या कामाला, म्हणजे मुलगा व्हायला.

आई सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या प्रेमकथा लिहायची. अकरा कादंबऱ्या छापून झाल्या होत्या, बारावी संपत आली होती. तोंडात न बसणारा संवाद ती कागदावर ठेवत नसे. म्हणून प्रत्येक प्रसंग दोघी उभ्या राहून मोठ्याने म्हणून बघत. मुलगी आई, मुलगा लेक. लेक छत्तीस वर्षांची, ग्रंथपाल, जाड भिंगांचा चष्मा.

"तू जाऊ नकोस ना," लेकीने वाचलं.

"अगं, पुस्तक परत मागतेयस का? प्रेमात पडलायस तू. जरा जीव ओत."

"नायकच बुळा आहे तुझा, मी काय करू?"

"लाजाळू आहे. आता हात धर. अगदी हळू. ती नको म्हणाली की लगेच सोडायचा."

लेकीने नुसती बोटं टेकवली, तशी आई कळवळून मागे सरली. बाही वर सरकली. मनगटावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी, आणि एका जागी नख आत रुतलं होतं.

"दारात सापडला हात," आई बाही ओढत म्हणाली. "पुढचं वाच."

लेकीने पुढचं वाचलं.

आईच्या अकरा कादंबऱ्यांत एकाही मुलाने कुणावर हात उगारला नव्हता. असे मुलगे कुठे भेटतात, असं वाचणाऱ्या मुली पत्रांतून विचारायच्या. आई सगळ्या पत्रांना उत्तरं द्यायची. तेवढ्या एका प्रश्नाला बगल द्यायची.

"झालं का मायलेकींचं नाटक?" बाबा दारात येऊन म्हणाले. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याने गाडी खांबावर घातली तरी त्यांचा आवाज चढत नसे, अशी त्यांची ख्याती. त्यांचं वाक्य संपायच्या आत आई उठून स्वयंपाकघरात गेली होती.

निघताना जिन्यात खालच्या काकू भेटल्या.

"परवा फारच रंगलं होतं गं प्रकरण. भांडीसुद्धा पडत होती. मी ह्यांना म्हटलं, या खेपेचा नायक आडदांड दिसतोय."

"शेवटाकडे आलीय कादंबरी," लेक हसून म्हणाली. हे उत्तर तिला झोपेतही देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिला ग्रंथालयात फोन आला. आई जिन्यावरून पडली आणि गेली, एवढंच बाबा म्हणाले.

ती पोचली तेव्हा आईला नेलं होतं. वरच्या वळणावर कठड्याच्या लोखंडाला रक्त लागलं होतं. तिथून खाली सहा पायऱ्या ते ओघळलं होतं आणि एका पायरीवर दात पडला होता. लिहायच्या खोलीत टेबल आडवं झालेलं. कागदांवर बुटांचे ठसे. टेबलाच्या कोपऱ्याला पांढऱ्या केसांचा पुंजका चिकटला होता, मुळाशी कातडीसकट.

बाबा स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले होते. उजव्या हाताची बोटं सुजली होती. समोर फौजदार लिहून घेत होता.

"चप्पल सटकली तिची," बाबा म्हणाले. "पडली तेव्हा टेबलाला धरायला गेली असेल आधी. मी धावलो, हात कठड्यावर आपटला माझा."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मी ऐकत होते हो," त्या फौजदाराला म्हणाल्या. "वीसेक मिनिटं. नको, मारू नका, असं ओरडत होत्या. मला वाटलं लिहितायत. कामात व्यत्यय नको म्हणून मी माझं दार लावून घेतलं."

"बघा," बाबा म्हणाले. "रोजचंच आहे ते. हिलाच विचारा, हीच असते तिच्या जोडीला." मग लेकीकडे वळून, क्लच हळू सोडायला सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "सांग, बाळ. घाबरू नकोस."

फौजदाराने लेखणी थांबवली. "मोठ्याने संवाद म्हणायची सवय होती तुमच्या आईंना?"

होती. तेवढं एक हो म्हटलं की कागद पुरा होणार होता, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

लेक चौदा वर्षांची असताना याच टेबलाच्या खणात बाबांनी आईचा हात धरून ठेवला होता आणि गुडघ्याने खण बंद केला होता. दोनदा. बोटं मोडल्याचा आवाज तिने दारातून ऐकला. आईने तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली होती. नंतर दीड महिना आई सांगायची आणि लेक लिहून घ्यायची, लिहिलेलं वाचून दाखवायची. मोठ्याने म्हणायची पद्धत तिथून पडली. बोटं जुळून आल्यावरही दोघींनी ती मोडली नाही. ओरडणं ऐकू आलं की लोकांना सांगायला ती फार सोयीची होती. आईने आधी सांगितलं आणि मग लेकीने.

"सवय होती," ती म्हणाली.

बाबांनी श्वास सोडला.

"आज ती संवाद म्हणत नव्हती. लिहा तुम्ही. हे मारायचे तिला. बावीस वर्षं मला माहीत आहे. खणात हात घालून बोटं मोडली तिची, मी दारात उभी होते. कुणी विचारलं की कादंबरी चाललीय म्हणून मी सांगायचे. काकू, तुम्हालासुद्धा मीच सांगितलं. आज यांनी तिला मारून टाकलं."