बदकाचा आवाज

बंदरावरच्या खोलीत बसून समुद्रातल्या बोटींशी रेडिओवरून बोलणं, हे वहिनीचं काम. हल्ली सकाळी मात्र सगळे आवाज बदकासारखे यायचे. नवऱ्याचाही. दुपारी आवाज सुधारायचे, पण तोवर तो जाळ्यांत गुंतलेला. आपल्याच माणसाचा आवाज परका वाटावा, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

शेवटी तिने नणंदेला बोलावलं. रेडिओंच्या तारांना तापलेल्या कथलाचा डाख लावण्यातच तिचा दिवस जायचा, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत.

"तुझ्या दादाला सांग, बोटीवरचा सेट बदल म्हणावं."

ठिणगीने एकेक बोट कान देऊन ऐकली. "सगळ्यांचेच सेट एकदम बिघडले? वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं! खोट आपल्याकडेच आहे."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. ठिणगीने सेट उघडला. आत एका डबीत क्रिस्टल होता. त्याच्या थरथरण्यावरच सेटची फ्रिक्वेन्सी ठरायची. डबीला ऊब देणाऱ्या तारेचा डाख सुटला होता.

"हा क्रिस्टल गारठला की फ्रिक्वेन्सी सरकते आणि माणसाचं बदक होतं. दुपारी खोली तापली, की स्वारी ताळ्यावर!"

तिने तार जोडली, डबी चांगली तापू दिली. मग फ्रिक्वेन्सी जराही न हलणारं एक स्टेशन लावून, त्याच्याशी ताडून बारीकसा स्क्रू केसभर फिरवला.

"खरी परीक्षा उद्या, गारठ्यात," म्हणत ती मुक्कामाला राहिली.

सकाळी दोघी शाल गुंडाळून बसल्या. पहिली बोट बोलली, स्वच्छ. दुसरीही. मग नवरा.

"अगं, आज माणसात आलीस! इतके दिवस बदकाशी संसार चालला होता माझा."

"मग सांगायचं नाही?"

"रोज सांगत होतो. तुला कळायला नको?"

वहिनीला हसू आवरेना. तरी तिने कान टवकारले. "ठिणगे, याचा आवाज अजून नाकातूनच येतोय."

ठिणगीचा हात स्क्रूकडे गेला. एवढ्यात रेडिओतून सणसणीत शिंक आली.

"राहू दे," वहिनी म्हणाली आणि माइक तोंडाशी धरला. "काल पुन्हा ओल्या कपड्यांतच झोपलास ना? खरं सांग."

पलीकडून आणखी एक शिंक आली.