परतीची गाडी कोण चालवणार

ताईने बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशाची पिन उघडली आणि दोन बोटं आत घातली. न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं, म्हणजे बाबा अजून आतच होते. तिने बोटं आणखी खाली नेली, पार शिवणीपर्यंत. खिसा रिकामा होता.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. चाळिशी उलटल्यावर बापाच्या खिशात हात घालायची वेळ आली, आणि तीही फुकट गेली! मग तिने पिन होती तशी लावली, टोक खाली आणि आतल्या अंगाला, आणि कोट खुंटीवर सारखा केला.

गाडीची किल्ली त्या खिशातच असायला हवी होती. बाबांनी सगळी उमर लांब पल्ल्याची बस चालवण्यात घातली, आणि किल्ली अंगावेगळी करायची नाही हा त्यांचा धर्म. मुक्कामाच्या गावी झोपतानासुद्धा किल्ली आतल्या खिशात, खिशाला पिन आणि कोट उशाखाली. निवृत्तीनंतर त्यांनी ही सात जणांची जुनी गाडी घेतली, तेव्हा कोट उशाखालून खुंटीवर आला, एवढाच काय तो फरक. दर नाताळच्या सुट्टीत सगळं कुटुंब याच गाडीतून डोंगरावरच्या या भाड्याच्या बंगल्यात यायचं आणि गाडी बाबाच चालवायचे. ताई रोज पहाटे बेकरीची व्हॅन घेऊन अर्ध्या शहराला पाव पोचवायची, धाकट्या भावाच्या दारात स्वतःची गाडी होती, पण डोंगरात स्टिअरिंग मागायची छाती दोघांपैकी एकाचीही नव्हती. "घरात ड्रायव्हर असताना प्रवाशांनी कशाला त्रास घ्यायचा?" असं बाबा म्हणायचे, आणि विषय तिथेच मिटायचा.

यंदा तो मिटण्यासारखा राहिला नव्हता.

येताना शेवटच्या चढावर लाकडं भरलेला एक ट्रॅक्टर रस्त्यात उभा होता. भर दुपार, रस्ता सरळसोट. मागे धाकटा, त्याची बायको आणि त्यांची चिमी एकमेकांच्या अंगावर रेलून झोपले होते. ताई जागी होती. तिला ट्रॅक्टर दिसला, तो मोठा मोठा होत गेला, आणि गाडीचा वेग काही कमी होईना. आई "अहो!" म्हणून किंचाळली, आणि मग ब्रेक लागला. आधी नाही.

बाबांनी काच खाली करून ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. झोपलेले तिघे जागे होऊन हसायला लागले. ताईने पुढची सीट अजून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

तरी तिने मनाची समजूत घातली असती. माणूस आहे, एखाद्या वेळी लक्ष जातं इकडेतिकडे. पण काल नाताळचं जेवण झाल्यावर चिमीने सजवलेल्या झाडाखालचं आपलं चित्र आणून आजोबांच्या हातात दिलं. बाबांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "वा! काय झकास घोडा काढलाय!"

"आजोबा! ही तुमची बस आहे!"

सगळे खो खो हसले. आजोबा म्हणजे काय थट्टेखोर! बाबाही हसले, पण जरा उशिरा. दोनच माणसं हसली नाहीत. एक ताई, आणि दुसरी कोण ते ताईने मान वळवून पाहिलं तर आई.

स्वयंपाकघरात भांडी विसळताना ताईने विचारलं, "कधीपासून?"

आईने नळ आणखी मोठा सोडला. "उन्हाळ्यापासून. मी बसते ना शेजारी. समोर काही आलं की सांगते."

"आई, तू सांगतेस आणि मग ते ब्रेक दाबतात! मागे चिमी बसलेली असते."

"मग काय करू? त्यांना म्हणू, तुम्हाला दिसत नाही? एवढ्या वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही त्यांच्या हातून. जेवण सोडतील ते. आणि धाकट्याला तर मुळीच कळू देऊ नकोस. तो गावभर करेल."

हे मात्र खरं होतं. धाकटा मनाने वाईट नव्हता, पण तोंडात तीळ भिजत नसे. त्याला कळलं असतं, तर त्याने सगळ्यांदेखत बाबांच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवून "किती? किती?" विचारलं असतं. बाबा त्यातून उठले नसते. आणि गप्प बसावं, तर उद्या उतारावर पाच जीव त्या डोळ्यांच्या भरवशावर. ताईने दोन्ही बाजूंनी विचार केला आणि शेवटी सकाळी किल्ली पळवायचं ठरवलं. किल्लीच नाही म्हटल्यावर खालून एखादी भाड्याची गाडी बोलावू, काहीतरी निभावून नेऊ. एवढाच तिचा बेत, आणि खिसा रिकामा!

"किल्ली कुठाय?"

बाबा कोट चढवून बैठकीत उभे होते. हात छातीवर, खिशावर. सामान दाराशी येऊन पडलं होतं, आणि बंगल्याचा राखणदार एकदा डोकावून गेला होता. अकराला दुसरे पाहुणे यायचे होते.

"तुमच्याच खिशात असेल, अजून कुठे जाणार?" धाकटा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला.

"खिशात असती तर विचारलं असतं का? माझ्या खिशात हात कुणी घातला?"

असा आवाज त्यांनी बऱ्याच वर्षांत लावला नव्हता. चिमी आपल्या आईच्या मागे दडली. ताईने आपल्या आईकडे पाहिलं. तिला वाटलं, आपल्या आधी आईनेच हात मारला. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तिने मान हलवली, नाही, देवाशप्पथ नाही.

मग बंगला उलटापालटा सुरू झाला. उशा, गाद्या, बुटांचे जोड, झाडाखालचे रंगीत कागद, शेकायच्या चुलीजवळची लाकडं. दुसरी किल्ली होती, पण ती घरी कपाटात. धाकट्याने चिमीला धरून विचारलं, तू घेतलीस का, खेळायला नेलीस का, कुठे टाकलीस, आणि पोर भोकाड पसरून रडायला लागली.

"तिला कशाला रडवताय?" वहिनी मुलीला जवळ घेत म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "ताई, तुम्ही मघाशी कोटापाशी उभ्या होतात ना? मी चहा घेऊन येत होते तेव्हा."

सगळे ताईकडे वळले.

"होते," ताई म्हणाली.

"कशाला?" धाकट्याने विचारलं.

काय सांगणार? घेतली नाही म्हणावं, तर मग तिथे काय करत होतीस? आणि घ्यायला गेले होते म्हणावं, तर कशासाठी? धाकट्याने तिची बॅग ओढली आणि बैठकीतल्याच पलंगावर उपडी केली. साड्या, ड्रेस, औषधाची पट्टी, कंगवा, आतले कपडे, सगळं पसरलं. सख्खा भाऊ! ताईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण तिने ओठ आवळून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. डोळ्यांत पाणी आलंच होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घातली.

"बॅगेत नाही," धाकटा म्हणाला. त्याला थोडी लाजही वाटली असावी, कारण तो लगेच न्हाणीघर शोधायला निघून गेला.

बाबा चुलीजवळच्या मोठ्या खुर्चीत बसून ओरडत होते. "लाकडांत नीट बघा! कोपऱ्यात बघा! एक वस्तू सापडत नाही पाच माणसांना!" ओरडता ओरडता त्यांचा हात कोटात गेला आणि रिकाम्या खिशाची पिन लावू लागला. जन्माची सवय. बोटांनी चाचपून, न बघता, टोक खाली आणि आतल्या अंगाला.

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली.

ज्याने किल्ली काढली, त्याने खिशाला पिन परत लावली होती. चोर कशाला पिन लावत बसेल? आणि लावलीच, तर कशी लावेल? आई पिन नेहमी आडवी लावायची, धाकट्याने तर जन्मात कधी पिन लावली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, एवढा आरडाओरडा चालला होता, पण बाबा खुर्चीतून हलले नव्हते. घरात चमचा हरवला तरी स्वतः पलंगाखाली शिरणारा माणूस!

ती हातातलं टाकून उठली आणि खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली.

"बाबा, जरा उठता? खुर्चीखाली बघते."

"इथे काही नाही."

"बघू तर द्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे तिच्याकडे असं नाही, तिच्या कानाच्या जरासं पलीकडे. न्हाणीघरातून धाकट्याने बादल्या आपटल्याचा आवाज येत होता. बाबांनी उजवा हात मांडीखाली घातला, बाहेर काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. किल्ली गरम होती. केव्हाची तिच्यावर बसले होते कोण जाणे.

ताईला एकदम ओरडावंसं वाटलं, की बाबा, अहो, तोंडाने सांगायचं होतं ना, मला जमत नाही म्हणून. आणि तेवढ्यातच कळलं, की नाही सांगता येत. तिलाही तरी कुठे आलं होतं? बस चालवणाऱ्या हातांना शेवटी लपाछपी खेळावी लागली. तिने मूठ घट्ट मिटली.

"सापडली का?" धाकटा दारात उभा होता, बाह्या वर केलेल्या, कपाळावर जळमट.

"माझ्याकडेच होती," ताई म्हणाली.

"काय?"

"मीच काढून ठेवली होती. खिशातून."

"मग बॅग कशाला उपसू दिलीस? माझ्या पोरीला रडवलं मी! अक्कल गहाण टाकलीस का?"

"मला गाडी चालवायची होती," ताई म्हणाली. "दर वर्षी मागच्या सीटवर बसते. सरळ मागितली असती तर बाबांनी दिली असती?"

चुलीतलं एक लाकूड तडकलं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग त्यांचा आवाज फुटला, आणि काय फुटला!

"चोरी? माझ्या खिशात हात? एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटली? हे शिकवलं तुला?" ते बोलत गेले, थांबायलाच तयार नाहीत, आणि ताई खाली मान घालून ऐकत राहिली. चिमीसुद्धा रडायची थांबून आत्याची खरडपट्टी बघत होती. शेवटी दम लागला तेव्हा बाबा म्हणाले, "हौस आहे ना? मग फेड एकदाची. पण उतारावर नुसता ब्रेक घासत आणलीस, तर जिथल्या तिथे खाली उतरवीन."

"म्हणजे? चोरी केली म्हणून वर बक्षीस?" धाकटा म्हणाला.

"गाडी माझी आहे," बाबा म्हणाले. "सामान ठेव."

आई तोंड फिरवून खिडकीच्या कड्या लावत होती. त्या मघाशीच लावून झाल्या होत्या.

धाकटा सामान ठेवून मुकाट्याने सगळ्यात मागे जाऊन बसला. ताई त्याच्याकडे बघून हसली, तर त्याने मान काचेकडे वळवली. हा राग काही घरी पोचेपर्यंत उतरणारा नव्हता. महिना तरी पुरणार, आणि दर सणासमारंभाला तिच्या चोरीची गोष्ट निघणार. निघू दे. बाबा पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसले. दार लावून घ्यायला त्यांना दोनदा हात फिरवावा लागला, आणि आई चिमीला घेऊन त्यांच्या पाठीमागे बसली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. ताईने गियर खाली ठेवून उतार धरला. बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर चाललं होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मागे आई चिमीला कसलीशी गोष्ट सांगत होती.

"ताई," बाबा हळूच म्हणाले. मागे ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"हं?"

"धुकं फार आहे का गं?"

समोर रस्ता उन्हात चकाकत होता. दरीपलीकडच्या गावातली छपरं एकेक दिसत होती, एका छपरावर वाळत घातलेले कपडेसुद्धा. सकाळपासून ती खोटंच बोलत आली होती, अजून एक बोलली असती तर काही जड नव्हतं. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"नाही, बाबा. लख्ख ऊन पडलंय."

बाबांनी मान हलवली. एक वळण तसंच गेलं.

"उद्या तुझी पावाची फेरी कधी संपते?"

"नऊपर्यंत."

"मग तशीच घरी ये. डॉक्टरकडे जाऊन येऊ." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "तुझ्या आईला एवढ्यात काही कळू देऊ नकोस. उगाच घाबरेल ती."

मागच्या सीटवर गोष्ट सांगता सांगता आई मध्येच थांबली. "मग पुढे काय झालं?" चिमीने तिला हलवलं. जरा वेळाने आईने पुढे सांगायला सुरुवात केली.

"नाही सांगत," ताई म्हणाली आणि तिने पुढच्या वळणासाठी वेग कमी केला.