तळाची बाटली

मिस्त्रींनी चाळीस वर्षं दुकानादुकानांतले फ्रीजर दुरुस्त केले, आणि घरचा फ्रीज मात्र त्यांना रोज रडवत होता. वस्तीच्या टोकाला घर. वादळात विजेचा खांब पडला तो पडलाच, कुणी उभा करायला फिरकलं नाही. छपरावरची दोन सौर पॅनेलं आणि एक बॅटरी, एवढ्यावर सगळा कारभार. जुना उभा फ्रीज ती बॅटरी ढोसायचा आणि पहाटे मान टाकायचा. भाजी सुकली तर सुकू दे हो, पण दारातल्या कप्प्यात ताईचं इन्शुलिन होतं.

ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा. तिनेच त्याला वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. आता दोघंही म्हातारी, एकमेकांना धरून राहायची.

"औषध तापलं की गेलं," डॉक्टरांनी बजावलं होतं. मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं म्हणा ना.

बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून त्यांनी एक आडवा फ्रीजर आणला. डोकं त्यांचं बरोबर चाललं होतं. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की थंडी पायावर सांडते. वर झाकण असलं तर ती जाणार कुठे? तळाशीच बसणार. त्यांनी झाकणाला नवं रबर लावलं, बाहेर थर्मोस्टॅट बसवला, त्याची सेन्सरची वायर आत झाकणाखाली टांगली आणि आकडा चारवर ठेवला. चार अंश झाले की कॉम्प्रेसर आपोआप बंद. झाला फ्रीजरचा फ्रीज! तासात चार मिनिटं घरघरायचा नि गप्प. सकाळी पाहावं तर बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक.

"आता त्याच्याशी लग्नच लाव," ताई म्हणाली.

इन्शुलिनच्या दोन्ही बाटल्या मिस्त्रींनी अगदी तळाशी ठेवल्या. जिथे जास्त गार तिथे जास्त सुरक्षित, हे हाडात मुरलेलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत बर्फाची बारीक सुई दिसली. दुसरा कुणी दचकला असता. मिस्त्रींनी बाटली मुठीत धरली, बर्फ वितळू दिला आणि रोजच्यासारखं ताईच्या दंडावर इंजेक्शन दिलं. मासे गोठतात, मटार गोठतात, वितळले की पुन्हा तेच! फ्रीजरवाल्याला बर्फाची कसली भीती?

आठवड्याभरात ताईची साखर तीनशेवर गेली. तिला सारखी तहान लागायची, जिना चढताना धाप लागायची.

"खरं सांग, काय खातेस?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही रे."

"मग साखर काय आभाळातून पडते?"

त्यांनी साखरेचा डबा कुलपात घातला. बिस्किटं मोजायला लागले. एकदा तर शेजारीणबाईंसमोरच म्हणाले, "हिला काही देऊ नका हं, लहान पोरासारखी चोरून खाते." ताईने मान खाली घातली. शेजारीणबाई कसंनुसं हसून निघून गेल्या. मिस्त्रींना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिच्या जिवासाठीच बोलतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

अकराव्या दिवशी ताई भांडी घासताना खाली बसली ती उठेना. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सलाइन लावता लावता नर्सबाईंनी विचारलं, "औषध ठेवता कुठे?"

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. झाकण, रबर, तळ. सांगताना आवाजात थोडा अभिमानही होता, काय करणार. बर्फाच्या सुईपाशी आले तेव्हा नर्सबाईंचा हात थांबला.

"काका, एकदा गोठलं की ते औषध निकामी होतं. वितळलं तरी उपयोग नाही."

मिस्त्री घरी गेले. थर्मामीटर झाकणाखाली धरला: चार. तळाशी ठेवला: उणे दोन. सेन्सर वर टांगला कुणी? त्यांनीच. थंडी तळाशी बसते हे ठाऊक कुणाला? त्यांनाच. अकरा दिवस स्वतःच्या हाताने त्यांनी तिला पाणी टोचलं होतं, वर चोर ठरवलं होतं. फ्रीजरच्या कडेला हात टेकून ते तसेच वाकून उभे राहिले आणि हमसून रडले.

दोन दिवसांनी नव्या औषधाने साखर उतरली. ताई उशीला टेकून बसली होती. गप्प राहिले असते तर तिला कधी कळलं नसतं. पण मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं, एका दमात, तिच्याकडे न बघता.

ताईने त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी खात नव्हते?"

"नाही गं ताई. तू काहीच खाल्लं नाहीस."

"मला वाटलं, झोपेत उठून खाते की काय. तू खोटं कशाला बोलशील?" तिने बाही मागे सारली. मनगटाभोवती सुतळीचा लाल वळ होता. "रोज रात्री हात पलंगाला बांधून झोपत होते रे."