दोन्या ओनेलियाची पाठमोरी खुर्ची

ओनेलियाच्या घरात मुलगा जन्मला की तो शॉर्टस्टॉपच खेळणार, हे सान पेद्रोच्या त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. बेसबॉलच्या मैदानातली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा. संघातल्या सगळ्यात चपळ पोराची. ऊस तोडून आल्यावर नवरा तिथंच खेळला. थोरलाही गुडघा जाईपर्यंत तिथंच. "आणि दुसऱ्या बेसवर?" कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ज्याची फेक लांब पोचत नाही तो उभा राहतो."

म्हणून धाकटा रुदेल परदेशात, उत्तरेकडच्या मोठ्या लीगच्या मैदानात पहिल्यांदा उतरणार त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं. फुटपाथवर सांकोचोचं, म्हणजे मांस-कंदांच्या रश्शाचं, पातेलं रटरटत होतं, टीव्ही दाराच्या पायरीवर आला होता आणि सगळ्यांच्या पुढं तिची झुलती खुर्ची.

रुदेलचा संघ पार तळाला गेलेला. मालकांनी नावाजलेले गडी विकले आणि त्यांच्या बदल्यात कोवळी पोरं गोळा केली. त्यातले चार शॉर्टस्टॉप. जागा एक, दावेदार चार. मग काय होतं ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त ओनेलियाला कुणी सांगितलं नव्हतं. वाघिणीच्या जबड्यात हात कोण घालणार?

पोरं मैदानात पसरली. शॉर्टस्टॉपच्या जागी कुणी भुऱ्या केसांचा लंबू. रुदेल दुसऱ्या बेसवर.

ओनेलिया उठली, खुर्ची उचलून गर्रकन फिरवली आणि टीव्हीकडं पाठ करून बसली.

समोरच्या दुकानाचा तावितो घसा खाकरत, मोठ्या बाईला मारतात तशी अदबीची हाक मारत म्हणाला, "दोन्या, चार आचारी एका चुलीपाशी बसवले तर नुसता धूर होतो. म्हणून त्यांनी कामं वाटून दिली."

"आणि माझा पोरगा मसाला वाटायला बसला, असंच ना? तुला कधी कळलं?"

"झाला महिना. त्यानंच फोन केला होता. म्हणाला, आईला तूच सांग."

"महिनाभर माझी फुकटची कॉफी प्यायला तोंड उघडत होतं, मेल्या, बोलायला नाही?"

तावितोच्या वाडग्यात नुसता रस्सा पडला.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीनं एका सुरात कपाळाला हात लावला. तावितोनं धावत जाऊन दुकानातला सेलवरचा रेडिओ मोठा केला. आता खुर्ची कुठं फिरवणार? रेडिओ थेट तिच्या तोंडासमोर.

चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडं गेला. पहिल्या बेसवरून समोरच्या संघाचा एक दांडगा दुसऱ्याकडं सुटला. लंबूनं चेंडू फेकला, रुदेलनं घेतला, दांडगा दोन्ही पाय पुढं करून त्याच्या अंगावर घसरला... आणि समालोचकाचा आवाजच फाटला. एका चेंडूत दोन बाद.

"पोराला लागलं का?" ओनेलियानं विचारलं. रेडिओ काही सांगेना.

मग वीज आली. "आली, आली" म्हणत गल्ली नाचली. टीव्हीवर तोच खेळ पुन्हा दाखवत होते, पण बघत होते सगळे ओनेलियाकडं. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

आयुष्यात तिनं दुसऱ्या बेसकडं नीट बघितलंच नव्हतं. डोळे नेहमी शॉर्टस्टॉपवर. आता दिसलं. लंबूची फेक उशिरा आलेली, तीही घोट्यापाशी. कडेनं बैल धावून येतोय आणि रुदेल मान न वळवता चेंडूसाठी वाकलाय. घेतला, बैलावरून उडी मारली आणि हवेतूनच पहिल्या बेसकडं फेकला. खाली आला तो हसत.

"बापासारखा उडतो," ती पुटपुटली.

सामना संपल्यावर फोन वाजला.

"आई, रागावलीस?"

"तो भुऱ्या कोण रे?"

"माझ्याच खोलीत राहतो. एकोणीसचा आहे."

"त्याला सांग, चेंडू छातीशी द्यायचा. घोट्याशी देऊन माझ्या पोराचे पाय मोडायचेत का त्याला? जेवतो तरी का काही? नुसती काठी दिसते."

"डबाबंद खातो."

"डिसेंबरात सोबत घेऊन ये. आधी जेवू घालते, मग शिकवते."

"म्हणजे मी दुसऱ्या बेसवरच राहू?"

"मग काय, त्या काठीला तिथं उभं करतोस? पहिल्याच दिवशी मोडेल."

फोन ठेवून ती पळी घेऊन पातेल्यापाशी आली. तावितोच्या वाडग्यात मांसाचे दोन मोठे तुकडे पडले. मग तिनं गल्लीवर नजर फिरवली.

"दुसरा बेस हलका, असं कोण म्हणायचं रे आपल्यात?"

सगळ्यांनी पटापट वाडग्यात तोंडं घातली.