केव्हापासून?

मेंढ्याच्या शिजलेल्या डोक्याचा कान कापता कापता सागिनबायच्या हातून सुरी निसटली आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर पडली. ती उचलायला त्याने हात पुढे केला, पण बोटं सुरीशेजारचं कापड चिवडत राहिली. लेकीच्या सासरहून आलेले व्याही हसले. "यजमानालाच चढली की!" त्यातला एक म्हणाला. सागिनबायही हसला, पण अर्ध्याच तोंडाने.

चहाच्या समोवारपाशी बसलेल्या बुरुलायच्या हातातली वाटी तशीच राहिली. लग्नाआधी ती बिश्केकला पक्षाघाताच्या वॉर्डात नर्स होती. असलं हसू तिने ढिगाने पाहिलं होतं. सून होऊन आली तेव्हा याच सासऱ्याने सांगितलं होतं, आमच्या घरच्या बाया परक्यांची अंगं पुसत नाहीत. त्यावर तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि नवऱ्याने तर नाहीच नाही.

ती सरकत सासूपाशी गेली.

"आपा, मामंजींचं तोंड वाकडं झालंय. गाडी काढायला सांगा. आत्ताच्या आत्ता."

झूरा-आपाने व्याह्यांकडे हसून पाहत ओठांतल्या ओठांत उत्तर दिलं, "पहिल्यांदा घरी आलेत ते. मटण वाढलं नाही, आशीर्वाद झाला नाही. जेवणावरून उठवू त्यांना? पोरीला त्याच घरात नांदायचंय."

"पण उशीर झाला तर..."

"तुझी ती दवाखान्यातली जीभ तिकडेच ठेवून यायचं होतंस गं. चहा गार होतोय."

बुरुलायने दारातल्या मेलिसला खूण केली. तिच्या नवऱ्याने आधी आईकडे पाहिलं आणि मग मान फिरवली.

तिने चहा ओतला. सासऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते तिला समोर दिसत होतं. रक्ताची वाट तुंबली की मधल्या पेशी लगेच मरतात. त्यांच्याभोवतीचं कडं मात्र निपचित पडून राहतं, पाट बंद झालेल्या वाफ्यासारखं. पाणी वेळेत सुटलं तर ते तगतं. नाही सुटलं तर मरणाऱ्या पेशी जाता जाता शेजारच्यांनाही विष देऊन जातात. सगळा खेळ काही तासांचा. आणि इथे कोणता तुकडा कोणाच्या मानाचा, यावरून थट्टा रंगली होती.

शेवटी, "वारं लागलंय," असं म्हणून सागिनबायला आतल्या खोलीत निजवलं. आपाने सुईने त्याच्या बोटांतून रक्त काढलं, आर्चाच्या झुडपाच्या पाल्याची धुरी दिली, सकाळीच कापलेल्या मेंढ्याच्या ओल्या कातड्यात त्याला गुंडाळलं. बाहेर व्याह्यांच्या अंगावर मानाचे झगे चढवले जात होते. त्यांच्या गाड्या दिसेनाशा झाल्या तेव्हा ऊन डोंगरमाथ्यावर गेलं होतं, आणि सागिनबायला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, हाताला चपळ. मेंदूचा फोटो पाहून तिने विचारलं,

"केव्हापासून?"

"आत्ताच," झूरा-आपा म्हणाली. "पाहुणे निघाले आणि हे कोसळले. तासही झाला नसेल."

"मग नशीब म्हणायचं. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं औषध देता येतं." तिने कुपी आणायला सांगितली.

बुरुलाय भिंतीला टेकून उभी होती. तेच औषध उशिरा दिलेला एक माणूस तिने पाहिला होता. त्याच्या मेंदूत रक्त पसरलं होतं आणि तो त्याच खाटेवर गेला होता. कुपी आली.

"नाही," ती म्हणाली. "दुपारपासून. मटण वाढायच्याही आधीपासून."

डॉक्टर वळली. "नक्की?"

"मी पाहिलंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

बुरुलायने सासूकडे पाहिलं. आपा डोक्यावरच्या रुमालाची गाठ आवळत होती. मेलिस स्वतःच्या बुटांकडे बघत होता. कुपी परत गेली.

परतताना गाडीत मेलिस एवढंच म्हणाला, "तोंड उघडायला हाच मुहूर्त सापडला तुला?"

सागिनबाय वाचला. वाचला म्हणजे, उजवी बाजू आणि वाचा घालवून घरी आला. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आपा सांगायची, "औषध आलं होतं गं डॉक्टरच्या हातात. आमच्या सुनेनं अडवलं." बाया बुरुलायला आपादमस्तक न्याहाळायच्या आणि तिनेच आणलेला चहा प्यायच्या. सासऱ्याला कुशीवर वळवताना तिच्या मनात येई, त्या दिवशी आपण खरं बोललो ते याला वाचवायला, की आपाला खोटं पाडायला?

एक दिवस आपा स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"घड्याळ मलाही कळतं," ती हळू आवाजात म्हणाली. "ते औषध दिलं असतं तर हे त्याच रात्री गेले असते. डॉक्टरनं सांगितलंय मला."

कणीक मळणारे बुरुलायचे हात थांबले.

"मग लोकांना असं का सांगता?"

"दुसरं काय सांगू? व्याह्यांच्या तोंडाकडे बघत बसले आणि नवऱ्याला असा करून ठेवला, हे? माझी वर्षं उरली किती? तू तरुण आहेस. तू सोसशील." आपाने पदरासारखं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं, पण डोळे कोरडेच होते. "उद्या व्याही येतायत यांना बघायला. औषध कोणी अडवलं असं त्यांनी विचारलंच, तर नुसती मान खाली घाल. पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे."

पलीकडच्या खोलीत सागिनबाय काहीतरी मागत होता. त्या आवाजात शब्द नव्हता. बुरुलायने कणीक पुन्हा मळायला घेतली.

"किती जण येतायत?" तिने विचारलं.