टोर्वाल्डच्या बहिणीचं पत्र

गुद्रुनचं पत्र मला १८९९च्या उन्हाळ्यात मिळालं, नदीचा बर्फ फुटल्यावर आलेल्या पहिल्या बोटीने. त्याला मी अडतीस वर्षं उत्तर दिलं नाही. तिने एवढंच विचारलं होतं : माझा भाऊ कसा गेला, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोण होतं?

तिचा भाऊ टोर्वाल्ड आणि मी एल्क फोर्क या खाणगावाला एकाच होडीतून आलो. सोन्याची बातमी फुटून वर्ष झालं होतं. सहा हजार माणसं, चौदा दारूचे गुत्ते आणि एक नाटकगृह होतं इथे. आज आम्ही नऊ जण आहोत. मागे कुणीतरी मला म्हणालं, तू वाचणारा माणूस, गावाचा इतिहास लिही. बसलो लिहायला. टोर्वाल्ड गेला त्या जानेवारीपर्यंत आलो की कागद बाजूला सारायचो. तसंही मला धड लिहिता येतं की नाही, कोण जाणे.

इथली जमीन बारा महिने गोठलेली. खणायचं तर संध्याकाळी खड्ड्यात लाकडं पेटवायची आणि सकाळी उतरून सुटलेली माती बादलीत भरून रहाटाने वर ओढायची. पण धूर तळाशी साचून राहतो. म्हणून आधी पेटती मेणबत्ती दोरीने खाली सोडायची. विझली तर खालची हवा विषारी, थांबायचं. हे काम रहाटावरच्या माणसाचं. रहाटावर मी होतो.

त्या सकाळी मी पुस्तक वाचत होतो. प्रकरण संपायला तीन पानं उरली होती.

"ए पुस्तकी किड्या," टोर्वाल्ड बूट आवळत म्हणाला, "त्यात सोनं निघालं तर अर्धं माझं."

"निघालं की सांगतो."

"मेणबत्ती सोडलीस ना?"

"सोडली," मी म्हणालो आणि पान उलटलं.

बादलीत पाय ठेवून तो उतरला. दोरी सैल पडली तसा मी पुन्हा वाचायला बसलो. प्रकरण संपल्यावर हाक मारली. खालून काही आलं नाही.

मेणबत्ती सोडली होती आणि ती विझली नव्हती, असं मी गावाला सांगितलं. कुणी शंका घेतली नाही. त्या हिवाळ्यात असे चौघे गेले. वसंतात आमचा मातीचा ढीग मी एकट्याने धुतला. त्यात सोन्याचा कणही नव्हता.

आता पोस्ट बंद होतंय. आज शेवटची बोट. पोस्ट सांभाळणाऱ्या विनिफ्रेडने माझं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"म्हातारबा, नॉर्वेत कोण तुमचं?"

"कुणी नाही."

"आणि एवढं पातळ? जन्मभर पुस्तकं वाचून एवढंच लिहिता आलं?"

"एवढंच होतं."

तिने पत्ता वाचला. "बाई आहे का अजून?"

"माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी."

विनिफ्रेडने माझ्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं. "मग कशाला तिकीट वाया घालवता? परत आलं, तर घ्यायला इथे पोस्टही नसेल."

"माहीत आहे."

तिने तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.